झडपेतला धोटा

माझी बायको सगळ्यांना सांगते, आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. खरं आहे ते. कुणाकडे पाहुणे आले, कुणाची सोयरीक जमता जमता फिसकटली, हे गल्लीला आधी माझ्याच तोंडून कळतं. पण एक गोष्ट राहिली. पाच पावसाळे पोटात राहिली. तिलासुद्धा सांगितली नाही — आणि आज तुम्हाला सांगायला बसलो, तर बघा, सुरुवातच भलतीकडून करतो आहे.

आमची गल्ली विणकरांची. वैनगंगेकडे उतरत जाते आणि जुन्या दगडी भिंतीपाशी संपते. भिंतीतल्या दरवाजापलीकडे घाटाच्या पायऱ्या आणि मग नदी. शेवटचं घर माझं. माझ्यासमोर कौसल्याकाकूंचं. आता गल्लीत हातमाग राहिले किती म्हणाल, तर बोटांवर मोजावे एवढे. पण जे आहेत ते जुन्या पद्धतीचे. जमिनीत मांडीएवढा खोल खड्डा, त्यात पाय सोडून बसायचं, पायांनी पावड्या दाबायच्या आणि हातांनी धोटा या बाजूचा त्या बाजूला धाडायचा. दिवसभर माणूस अर्धा जमिनीखाली असतो. पाऊस लागला की जमिनीतला गारवा पायातून वर चढतो, समोर उभ्या धाग्यांचा पांढरा ताणा पसरलेला असतो, आणि आपण जागे आहोत की झोपेत विणतो आहोत हेच कळत नाही. मला ते फार आवडतं. अजूनही.

पण मी झडपेचं सांगत होतो ना?

गल्लीचं सगळं सांडपाणी एका नालीतून भिंतीपर्यंत येतं. तिथं एक चेंबर आहे. चेंबरातून मोठा सिमेंटचा पाइप भिंतीखालून नदीकडे निघतो. मागच्या एका मोठ्या पुरात नदी त्याच पाइपातून उलटी आत आली होती, म्हणून नगरपालिकेनं पाइपाच्या नदीकडच्या तोंडावर लोखंडी झडप टांगली. वरून कडीला लटकलेली, जड. आतलं पाणी तिला ढकलून बाहेर जातं आणि नदी चढली की नदीच तिला दाबून बंद करते. साधी गोष्ट. तिच्यात कचरा अडकू नये एवढं पाहायचं. ते काम सुखदेवकडे होतं. सुखदेव नगरपालिकेचा रोजंदारीवरचा सफाई कामगार. बुटका, हसरा. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न पाहता हाताकडे पाहायचा.

झडपेचा एक त्रास होता. पाणी थोडं असलं की ती उघडायचीच नाही. आमच्याकडे ताण्याला तांदळाची कांजी लावतात. ती कांजी नालीत जायची, चेंबरात साचायची आणि आंबायची. वास कुणाला? शेवटच्या घराला. मी नगरपालिकेला दोन अर्ज लिहिले. अर्ज लिहिणं हे माझं काम समजतात गल्लीत — माझं अक्षर चांगलं आहे. मलाही त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू? कुणाचं रेशनकार्ड, कुणाची पेन्शन, सगळ्यांचे कागद माझ्या हातचे. माझ्या अर्जांचं मात्र काही झालं नाही.

मग महालक्ष्म्या आल्या. आमच्याकडे जेवणाच्या दिवशी पन्नास पानं उठतात. सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी — आणि अंगणात हा वास. सकाळी बायको म्हणाली की लोक नाकाला पदर लावून जेवतील. तिचं चुकलं नव्हतं. मी मागाच्या खड्ड्यावरून एक मोडका लाकडी धोटा उचलला, घाटाच्या पायऱ्या उतरलो, झडप हातानं वर केली आणि धोटा तिच्यात आडवा ठोकून बसवला. चार बोटं फट राहिली. साचलेलं सगळं पाणी भसकन बाहेर गेलं. पाच मिनिटांचं काम. मनात म्हटलं, जेवणं उरकली की काढू.

जेवणं छान झाली. सगळ्यांनी आंबील वाखाणली. संध्याकाळी काढू म्हटलं, संध्याकाळी पाऊस होता. दुसऱ्या दिवशी विसर्जन. वास नसलेलं अंगण इतकं बरं वाटत होतं, की काढायला जीवच होत नव्हता.

इथवर तुम्ही म्हणाल, माणूस विसरतो. पण मी विसरलो नव्हतो. मला रोज आठवत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी मी मागावर होतो. गल्लीतून ऑटो फिरला. त्यावरचा भोंगा सांगत होता की वरच्या धरणाची दारं उघडली आहेत, काठावरच्यांनी सावध राहावं. मी खड्ड्यातून पाय काढले आणि धावलो. भिंतीवर चढून पाहिलं, तर पाइपाचं तोंड नदीनं झाकलेलं होतं. वर नुसतं सपाट, तांबूस पाणी, संथ. ऊन पडलं होतं त्यावर. इतकं शांत दिसत होतं ते सगळं, की वाटलं — काही झालेलंच नाही.

गल्लीतले सगळे घाटाच्या दरवाजात वाळूची पोती रचत होते. नदी पायऱ्यांवरून येणार, समोरून येणार, म्हणून समोरची बाजू बंद करत होते. मीही चार पोती उचलून दिली. आता ऐका. मला ठाऊक होतं की पाणी समोरून येणार नाही. मागून येणार. त्याच पोत्यांनी चेंबरातलं पाइपाचं तोंड आतून दाबलं असतं तर गल्ली वाचली असती. वेळ होता. दोन तास होते चांगले. नुसतं म्हणायचं होतं, "गड्यांनो, पोती इकडे आणा." पण कुणीतरी विचारलं असतं, काहून? झडप आहे ना तिथं? मग काय सांगितलं असतं मी? अर्ज लिहिणारा, गल्लीतला शहाणा माणूस?

मी घरी गेलो. जुनी गोधडी घेतली, तिची गुंडाळी केली आणि आमच्या मोरीच्या भोकात कोंबली. वरून रेतीची पिशवी, पिशवीवर पाटा. आमचं जोतं उंच आहे, दारातून पाणी यायची भीती नव्हती. आणि मग मी हात धुतले. हे मला सगळ्यात नीट आठवतं — साबण लावून हात धुतले.

त्यानंतरचा तासभर माझ्या डोळ्यांसमोर स्वप्नासारखा तरंगतो. आधी आवाज आला. सगळ्या घरांच्या मोऱ्या हळूहळू गुडगुडायला लागल्या, एकीमागून एक. मग नालीतलं पाणी थांबलं. जरा वेळ जागच्या जागी थरथरलं. आणि उलटं चालायला लागलं. तुम्ही कधी पाणी चढावर जाताना पाहिलं आहे? त्याच्यावर आमच्याच जेवणाच्या पत्रावळी होत्या, महालक्ष्म्यांच्या हारातली झेंडूची फुलं होती, केळीची पानं होती. आम्ही चार दिवस जे जे खाली सोडून दिलं होतं, ते सगळं रांगेनं गल्लीतून वर निघालं होतं, घाई न करता. लेकरं दारात उभी राहून पाहत होती. कुणी ओरडलं नाही. नदी अजून पोत्यांच्या पलीकडेच होती, म्हणून कुणाला भीतीच वाटली नाही.

कौसल्याकाकूंचं घर रस्त्यापेक्षा खाली गेलेलं आहे. दर वेळी सिमेंटचा रस्ता नवा केला की तो चढतो आणि जुनी घरं खाली जातात. काकू एकट्या. काका गेल्यावरही त्यांनी माग सोडला नव्हता. डोळे अधू होत चालले होते, तरी नुकताच बारीक सुताचा ताणा लावला होता. म्हणायच्या, हे एवढं एक लुगडं नीट उतरलं की मागाला हात जोडीन. मी आत गेलो तेव्हा त्या पाटावर बसल्या होत्या, साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन. मागाचा खड्डा काठोकाठ भरलेला. पाणी हलत नव्हतं. ताण्याचे धागे भिजून जड झाले होते, मधोमध पाण्यात उतरले होते आणि जिथं टेकले तिथून काळे पडत वर चालले होते. चार बोटं विणलेलं लुगडं तेवढं कोरडं होतं.

काकू माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मनोहर, पानी नदीतून नाई आलं रे. घरातूनच आलं."

मी म्हटलं, "हो काकू." एवढंच म्हटलं.

तो ताणा कापून फेकावा लागला. काकूंनी पुढं खड्ड्यात मुरूम भरून घेतला, वरून फरशी बसवली. आता तिथं त्यांची खाट आहे.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. मी सगळ्यांच्या आधी घाटावर गेलो. धोटा नव्हता, नदीनं नेला होता. झडप सरळ लटकत होती, अगदी निरागस. त्या वेळी मला काय वाटलं ते सांगू? आनंद झाला. आत कुठेतरी खरोखरचा आनंद झाला.

सहा घरांत घाण पाणी शिरलं होतं, आमचं तेवढं कोरडं. लोक म्हणाले, मनोहरभाऊनं आधीच मोरी बुजवली, डोकं पाहा माणसाचं. मी नको नको म्हणालो, पण ऐकून घेतलं. मग झडप उघडी राहिली कशी यावर गल्ली बसली. कचरा अडकला असेल. मग सुखदेव काय करत होता? तक्रारीचा अर्ज करायचं ठरलं. अर्ज कोण लिहिणार? मीच लिहिला. ‘झडपेची वेळेवर साफसफाई न झाल्यामुळे’ — हे शब्द माझे आहेत. लोकांनी तर नुसत्या शिव्या दिल्या होत्या.

इथं तरी थांबलो असतो! पण आठवड्यानं सुखदेव दारात आला. हातात नगरपालिकेचं पत्र. त्याला खुलासा मागितला होता, आणि लिहून कुणाकडून घ्यायचा? तो वर आला नाही, पायरीवरच बसला.

म्हणाला, "भाऊ, महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी मी झडप साफ केली होती. हातानं उचलून, सोडून पाह्यली. बरोबर बसली. पुराच्या दिवशी मले तिकडं पानी उपसायच्या पंपावर धाडलं, म्हनून इकडं येता नाई आलं. तुमी हेच लिवून द्या."

यातला शब्द न् शब्द खरा होता. आणि म्हणूनच मला तो लिहिता येईना. आदल्या दिवशी झडप नीट बसत होती असं कागदावर गेलं, तर मधल्या दिवसांत कोण गेलं होतं घाटावर, हा प्रश्न आलाच असता. मी कागद पुढं ओढला, पेनचं टोपण काढलं आणि त्याला म्हणालो — अगदी मायेनं म्हणालो —

"वाद नोको घालू, सुखदेव. साहेब चिडतीन. चूक कबूल करून टाक, माफ करतीन तुले."

त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "तुमी म्हनता तं माहीच चूक असंन, भाऊ. लिवा."

मी लिहिलं. सुंदर अक्षरात लिहिलं. झडपेकडे माझं दुर्लक्ष झालं, त्यामुळे गल्लीत पाणी शिरलं, झालेल्या नुकसानीला मी जबाबदार आहे. वाचून दाखवलं तेव्हा त्यानं मान हलवली आणि खाली आपली मोडकीतोडकी सही केली. कुणी माफ केलं नाही. पुढच्या सोमवारी त्याला कामावर घेतलं नाही, त्यानंतर कधीच घेतलं नाही. गल्लीतून गेला की लोक त्याला ऐकू जाईल असं बोलायचे. दिवाळीच्या आत तो बायकोला घेऊन तिच्या माहेरी निघून गेला, नाकाडोंगरीकडे. तिकडं ट्रक भरायच्या कामाला लागला असं कळलं.

मी काय केलं? काही नाही. माग चालवला. आता पावसाळ्यात रोज सकाळी झडप पाहून येतो. लोकांना वाटतं, भाऊंना गल्लीची काळजी. मागावर बसलो की कधी कधी खड्ड्यातून पावलांना ओल लागल्याचा भास होतो. वाकून पाहतो, तर खड्डा कोरडा असतो. मी नीच वागलो. याला दुसरा शब्द शोधून पाहिला, सापडला नाही.

गेल्या पावसाळ्यात सुताच्या कामानं तुमसरला गेलो होतो. बस स्टँडवर कुणीतरी "भाऊ" म्हणून हाक मारली. सुखदेव. वाळला होता, खांद्याला गमछा, केस पिकलेले. जवळ त्याची बायको होती. तिला म्हणाला, हेच ते मनोहरभाऊ, यायनंच माह्यासाठी कागद लिवून देला होता. तिनं पदर सावरून मला नमस्कार केला. मग त्यानं विचारलं, "यंदा गल्लीत पानी नाई ना आलं, भाऊ?"

नाही म्हटलं. तो मनापासून म्हणाला की बरं झालं. तेव्हा सांगता आलं असतं. तो समोर होता, मी समोर होतो, बस यायला अवकाश होता. सांगायला किती लागलं असतं? मी आभाळाकडे पाहिलं आणि पावसाबद्दल काहीतरी बोललो.

बस लागली. गर्दी फार होती. माझ्या हातात सुताची पिशवी पाहून सुखदेव पुढं घुसला, बाहेरूनच खिडकीतून हात घालून आपला गमछा सीटवर टाकला आणि कुणाला बसू दिलं नाही. मला म्हणाला, बसा भाऊ, तुमची जागा धरली. मी त्याचा गमछा उचलून त्याला परत दिला आणि त्या जागेवर बसून घरी आलो.