लंगडा फेर

महायुद्धावरून मी जिवंत परतलो, पण उजवा गुडघा वाकायचा कायमचा बंद झाला. इकडे आई बिरोबाला नवस बोलून बसली होती, की पोरगं जितं आलं तर गजात नाचेल. आम्हा जतच्या माळावरच्या धनगरांत हात जोडणं म्हणजे देवाला नुसता रामराम. मनातलं सांगायचं ते ढोलाच्या ठेक्यावर, गोल फेर धरून, पायांनी. त्यालाच आम्ही गजा म्हणतो. देवाने जीव राखला आणि आभार मानायचे पायच काढून घेतले, म्हणून मी त्याच्यावर चांगलाच रुसलो होतो.

जत्रेच्या सकाळी मी आईला सुचवलं, नाचाऐवजी पाच नारळ फोडू. ती म्हणाली, "नारळ कवा बोलले हुते मी? नाचायचंच बोलले हाय." नवस फिटेपर्यंत तिने गूळ सोडला होता. चार वर्षं गुळाविना काढलेल्या बाईशी वाद कोण घालणार?

देवळापुढे गजा सुरू झाला. ढोलाला सोडून पाऊल टाकायचं नाही, हा आमचा कायदा. माझं पाऊल मात्र दरवेळी उशिरा पडे. तीनदा फेरात शिरलो, तीनदा शेजारच्याच्या अंगावर गेलो. शेवटी कडेला जाऊन बसलो. फौजेत परेड चुकली की शिव्या मिळत. इथे कुणी शिवीही देईना, ते जास्त लागलं.

तेवढ्यात परगावचा एक म्हातारा ढोलकरी जवळ आला. "चालून दाव रं गड्या," म्हणाला. मी चार पावलं लंगडलो. त्याने नीट पाहिलं, फेराच्या मधोमध गेला, आमच्या ढोलकऱ्याला थांबवून स्वतः वाजवू लागला. एक ठोका लांब, एक आखूड. हुबेहूब माझी चाल. कायदा तो कायदा! पटकेवाली धडधाकट माणसं माझ्यासारखी लंगडत फिरू लागली. मी आत शिरलो आणि पाऊल चुकेना. हसूही आवरेना, डोळेही आवरेनात. भंडाऱ्यात न्हालो, आणि किती तरी दिवसांनी माझं देवाशी बोलणं झालं.

फेर सुटला तसा आईने पदराच्या गाठीतला गुळाचा खडा तोंडात टाकला. म्हातारा मात्र पुन्हा दिसला नाही, त्याचं गावही कुणाला ठाऊक नव्हतं. तो कोण, याचा खल मी कधी केला नाही. आहे तो पाय पुढे टाकणं एवढंच माझं होतं. ठेका त्याने जुळवला.

गुडघा आजही वाकत नाही. पण आमच्या जत्रेत अजून पहिला फेर लंगडाच असतो. त्यात सगळे लंगडतात. मी तेवढा नुसता चालतो.