गोव्याला चौथा गडी

लातूरच्या पॅडल कोर्टवर, म्हणजे काचेच्या भिंतींतल्या त्या टेनिससारख्या खेळात, ते माझे जोडीदार होते. पन्नाशीचे, तहसीलमधले कारकून. चेंडू मागच्या काचेवर आपटून परत आला की स्वतःशीच हसायचे.

"सर, गोव्यात समुद्राकाठी कोर्ट हाय म्हणं. एकदा जाऊ की."

"जाऊ," मी दरवेळी म्हणायचो.

डिसेंबरात बेत ठरला आणि आम्ही चौघं गेलो. चौथा गडी म्हणून मी एका बिल्डरला घेतलं आणि यांना सांगितलं, बेत रद्द झाला. रिसॉर्टमध्ये चारचौघांत त्यांचं ते 'हाय-न्हाई' मला नको होतं.

परतल्यावर माझं रापलेलं तोंड त्यांनी नीट बघितलं.

"रानात गेलते का, सर?"

"हो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी घरची कोरफड आणून दिली. गोव्याचं नाव मात्र पुन्हा कधी काढलं नाही.