खुशालीचं पत्र

हुसेनमियाँ शिवायला बसला की पाठीमागे कुणीतरी इस्त्री फिरवतंय असं त्याला आजही वाटतं. वळून बघावं तर टेबल रिकामं. सौदीतल्या खमीस मुशैत गावी हुसेनमियाँच्या या शिवणाच्या दुकानात हाशम तीन वर्षं इस्त्री करत होता आणि मागच्या कापडाच्या खोलीत झोपत होता. जन्मभराच्या सक्तीच्या फौजेतून पळून इरिट्रियाहून आलेला माणूस तो. ना इकामा, म्हणजे राहायचा परवाना, ना कफील, म्हणजे जामीन राहणारा मालक. दिवसाउजेडी बाहेर पाऊल टाकायचा नाही, दारात गाडी थांबली की ताग्यांमागे जाऊन बसायचा.

पुढे तो कसाबसा युरोपात पोचला. तिथून त्याने एकच गोष्ट मागितली. मी तुझ्याकडे होतो एवढं लिहून दे, वकिलाला हवंय.

आता आपल्या कोकणच्या माणसाची खोड बघा. अंगात फणफणून ताप असो, कफील उठता-बसता शिव्या घालत असो, सौदीहून घरी एकच निरोप जातो, मी हकडं खुशाल. हुसेनमियाँ दर शुक्रवारी दाभोळला आईला हेच बोलून पाठवतो. हाशम शेजारी उभा राहून ऐकायचा आणि हसायचा. पत्रही हुसेनमियाँने त्याच सवयीने सांगितलं, आणि नववीतल्या मुलीने, दुआने, त्याचं इंग्रजी करून दिलं. हाशम माझा कामगार, कागदपत्रं चोख, सुखात राहिला, कसला म्हणून त्रास नव्हता. थोडं स्वतःला झळ लागू नये म्हणून, थोडं त्याची अब्रू राहावी म्हणून. वर दुकानाचा शिक्का. काय म्हणावं या शहाणपणाला!

त्या पत्राने हाशमचा गळा कापला. तिथली कचेरी म्हणाली, तू सौदीत सुखात होतास, म्हणजे लपून राहिल्याची तुझी कहाणी खोटी. त्याचं नाव यादीत गेलं. आसरा मागायला आलेल्यांना विमानात घालून भलत्याच तिसऱ्या देशात पाठवायचं, अशी ती यादी. तिच्यावरून त्या देशाच्या संसदेत रोज भांडण चाललेलं, आणि दुकानातल्या टीव्हीवर ते दिसायचं. एक म्हणे, देश काय धर्मशाळा आहे? दुसरी म्हणे, माणसं काय पार्सलं आहेत? हुसेनमियाँला इंग्रजी कळत नव्हतं, दुआ सांगायची.

"अब्बा, थर्सडे को व्होटिंग है."

बायकोने, मासूमाने, भाकरीचा तवा उतरवला. "मग आता तरी खरं लिहा."

"खरं लिहिलं तर बेकायदा माणूस लपवला म्हणून मीच आत जाईन. तुम्ही दोघी कुठं जाल?"

"कळतं मला ते. पण तीन वर्षं तो माझ्या हातचं जेवलाय हो."

त्याने लिहिलं. सगळं लिहिलं, ताग्यांमागचं अंथरूणसुद्धा. दुआने इंग्रजी केलं, त्याने शिक्का मारला आणि कागद मशीनच्या खणात ठेवला. उद्या पाठवू म्हणाला. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाला. भीती माणसाला कशी लाचार करते ते त्याला त्या दिवसांत कळलं, आणि स्वतःची किळस आली. वरून गावाशेजारच्या हवाई तळावरची फौजी विमानं जायची, तेव्हा त्याचा पाय मशीनवर थांबायचा. गुरुवारी मतदान झालं, ठराव मंजूर झाला, यादीतल्यांना विमानात घालायला सुरुवात झाली. कागद खणातच होता.

पुढच्या शुक्रवारी अनोळखी नंबरावरून फोन आला. नंबर कुठल्या देशाचा तेही कळेना. मागे गोंगाट होता, कुणीतरी नावं पुकारत होतं. हाशम त्याच्याशी नेहमी अरबीत बोलायचा. आज त्याने दुकानात ऐकून ऐकून पाठ झालेलं तेवढंच म्हटलं, आणि फोन बंद झाला.

"हुसेनभाई, मी हकडं खुशाल."

हुसेनमियाँने उलट फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला.

"काय म्हणतो हाशम?" मासूमाने आतून विचारलं.

"खुशाल आहे म्हणतो."

मासूमा बाहेर आली, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि इस्त्रीच्या टेबलाला धरून मटकन खाली बसली. इकडे येण्याआधी पंधरा वर्षं तिने दाभोळला सासूशेजारी बसून हाच निरोप ऐकला होता.