चार बोटं मोकळी

त्याला सगळे ‘चारबोटे’ म्हणत. ते काही आडनाव नव्हे, आणि हाताची बोटंही दहाच्या दहा शाबूत. लोकांच्या पोटमाळ्यात शिरून छपराखाली चंदेरी फॉइल ठोकायचं हा त्याचा धंदा, आणि गिऱ्हाईक दिसलं की याची टकळी सुरू: “चकचकीत बाजू मोकळ्या हवेकडे. तिला चार बोटांच्या आत काही टेकवू नका. टेकलं की ऊन सरळ खाली उतरतं, मग बसा एसीची बिलं भरत.” तीस वर्षं हेच पालुपद.

आणि स्वतःचं घर? वर नुसता पत्रा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. जुनापुराणा एसी होता, पण बिलाच्या धास्तीनं दुपारी दोनच तास लागायचा. बायको हसून म्हणायची, “जगाला गारवा आणि घरच्यांना शेक.”

यंदा तिचं हसणं आटलं. काळीज दुबळं झालं, पायांवर सूज चढली, तिनं अंथरूण धरलं. डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेऊन स्पष्टच सांगितलं, “खोली गार ठेवा. हा उकाडा त्यांना झेपायचा नाही.”

त्यानं त्याच दिवशी कामावरचे उरलेसुरले तुकडे जोडले आणि गुडघ्यांवर सरपटत सगळं छप्पर मढवून काढलं. दुसऱ्या दिवशी खोलीतला पारा अडतिसावर. तिसऱ्या दिवशीही अडतीसच. एसी दिवसभर धापा टाकत होता, चौथ्या दिवशी त्यानं मान टाकली. दुरुस्तीवाला म्हणाला, सुट्टा भाग यायला आठ दिवस लागतील. आठ दिवस म्हणे! इथं एक दुपार निघेना.

तो ओल्या फडक्यानं तिचं कपाळ पुसत बसला.

“अहो, तुमचं फॉइल आपल्याच घरात रुसलं का?” तिनं विचारलं.

“तुकडे जुने आहेत,” तो म्हणाला.

साफ खोटं. खरं कारण त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि ते बोलायची त्याची छाती होत नव्हती. वर लेकीची खाट होती. सहा वर्षांपूर्वी भांडणात यानंच तिला सुनावलं होतं, “पुन्हा या उंबऱ्याला पाय लावू नकोस.” पोरगी बापासारखीच शब्दाची पक्की. गेली ती गेलीच, फोनचा नंबरसुद्धा बदलला. महिन्याभरात बायको म्हणाली, “ती खाट कुणाला तरी देऊन टाका, बघवत नाही.” हा म्हणाला, “दिली.” आणि ती बाजारात गेल्यावर खाट, गादी, ट्रंक, सगळं माळ्यावर चढवलं. माळा बुटका. त्या दिवशी फॉइल ठोकताना त्यानं ते सामान बाजूला ओढलं, आणि काम झाल्यावर पुन्हा जागच्या जागी कोंबलं. खाटेवरची गादी चकचकीत बाजूला घट्ट टेकली. गिऱ्हाइकानं असं केलं असतं तर यानं त्याला फाडून खाल्लं असतं.

“वर खाट आहे ना अजून?” ती अचानक म्हणाली.

त्याचा हात थांबला.

“पत्रा तापला की कुरकुरते ती. सहा वर्षं ऐकतेय मी.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला तेवढाच आधार होता.” तिला दम लागला, ती थांबली. “आता काढा. पोरगी आलीच, तर माझ्या जागेवर झोपेल.”

“असं अभद्र बोलू नकोस.”

“मग काढा.”

तो शिडी चढला. माळ्यावर भट्टी पेटलेली, पान्याला हात लावला तर चटका बसत होता. त्यानं खाटेचे चारही पाय सोडवले. एका पायावर लेकीनं लहानपणी खिळ्यानं कोरलेलं नाव होतं. त्यावर त्यानं अंगठा फिरवला, मग गुपचूप खाली उतरला. खाट, गादी, ट्रंक, सगळं भंगारवाल्याच्या गाडीवर चढवलं. तो पैसे द्यायला खिशात हात घालू लागला तेव्हा यानं हात जोडले आणि दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी ऐन दुपारी पारा चौतिसावर अडला. एवढ्यानं भागेल की नाही, डॉक्टरीणबाईही छातीठोक सांगेनात. पण तिचा श्वास जरा ठिकाणावर आला होता.

तिनं डोळे उघडले. “सुटली का चार बोटं?”

“चार बोटं कसली,” तो म्हणाला. “चांगलं खाटभर मोकळं झालंय.”