देवासच्या घरातलं गाणं

देवासचं स्थळ आलं तेव्हा माझ्यापेक्षा बाबाच जास्त खूश झाले. आम्ही धारचे. बाबा शाळेत शिकवायचे, आणि घरी आले की डोळे मिटून गाणं ऐकत बसायचे. त्यांचा कान फार तिखट. मी भाजी चिरताना काही गुणगुणले की बाहेरून आवाज यायचा, "सूर उतरला गं." शेवटी मी गुणगुणणंच सोडून दिलं.

"देवास म्हणजे गाण्याचं गाव," बाबा म्हणाले. "त्या घरात सूर असणारच."

बघण्याच्या वेळी तिथल्या बैठकीत भरतकामाच्या कापडाखाली एक पेटी दिसली. झालं! संध्याकाळी नवरा पेटी घेऊन गातोय आणि मी ऐकतेय, एवढं सगळं मी परतीच्या वाटेवर बसमध्येच ठरवून टाकलं.

लग्नानंतर आठवडाभराने ते कापड उचललं, तर पेटीचा भाता फाटलेला.

"अहो, ही वाजवतं कोण?"

"कोणी नाही. शेजारचे काका इंदूरला शिफ्ट झाले, तेव्हा ठेवून गेले. आईला इस्त्रीचे कपडे ठेवायला बरी पडते."

"आणि गाणं?"

"मी गातो ना, बाथरूममध्ये!" नवरा अभिमानाने म्हणाला.

ते मी ऐकलं होतं. मला वाटलं होतं, बादली घासतोय.

मी फार हिरमुसले. बाबांना फोनवर सांगितलं, तर तेही हिरमुसले.

मग गणपती आले. पहिल्या आरतीला सासूबाईंनी वरचा सूर लावला, नवऱ्याने कुठलातरी खालचा, आणि सासरे मनाला येईल तिथे टाळ वाजवत होते. कोणाचं कोणाकडे लक्ष नाही, सगळे रंगलेले. मी ओठ दाबून उभी होते, पण हसू फुटलंच.

सासूबाईंनी आरती न थांबवता मला कोपराने ढोसलं. "हसतेस काय? गा ना! जोर से!"

मी गायले. वरच्या सुराला आवाज फाटला, पण कोणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग मी आणखी जोरात गायले. इतक्या वर्षांनी! विसर्जनापर्यंत माझा घसा पार बसला होता आणि मी भलतीच खुशीत होते.

पुढच्या वर्षी बाबा दर्शनाला आले. पहिल्याच ओळीला त्यांच्या कपाळावर आठी चढली. सासूबाईंनी त्यांच्या हातात टाळ दिले. "व्याहीबुवा, तुम्हीपण म्हणा."

"कुठल्या पट्टीत?"

"जी हाताला लागेल ती पकडा!"

बाबांनी टाळ सावरले, आणि ते गाऊ लागले. आयुष्यभर ऐकत आलेला हा माणूस गाताना मी पहिल्यांदाच पाहिला. आवाज बारीक, थरथरता, आणि दुसऱ्या कडव्यात आमच्यासारखाच भरकटलेला. चेहरा मात्र असा फुललेला, की मला त्यांच्याकडे बघत गाताच येईना.

प्रसादाचा दुसरा मोदक उचलत त्यांनी सासूबाईंना हळूच विचारलं, "सकाळची आरती किती वाजता असते?"