मॅडमचं गरम पाणी

आमच्या वस्तीतल्या, कॅम्प चारच्या शाळेत चीनच्या पैशानं फुकट चायनीज भाषा शिकवायला एक मॅडम आली, तिकडचीच, लहानखुरी, प्रत्येक वाक्याला "ओके ताई?" म्हणणारी. गेटवर भेटली की माझ्या बाळाचे पाय चाचपायची, गार पडलेत का बघायला. भर उन्हातपण थर्मासमधलं गरम पाणीच प्यायची, आणि मायेनं पोरांनापण तेच पाजायची, हे मला मुलीनं सांगितलेलं.

काल आम्ही पोरांच्या आया गेटवर बसलो, वर्ग बंद करा म्हणून. शेजारीण बोलली, "आज भाषा शिकवतील, उद्या पोरंच पळवतील." मी घाबरून तिच्याबरोबर गेलेली. दुपारी मॅडम स्वतः बाहेर आली आणि सगळ्यांना पेल्यात पाणी द्यायला लागली. शेजारणीनं घोट घेतला न् थुंकला.

"उन्हात बसलोय तर गरम पाणी पाजते. मजाक करते काय आमची?"

सगळ्या भडकल्या. मॅडम माझ्याकडं बघत राहिली. "ताई, गुड वॉटर. ओके ताई?"

मला ठाऊक होतं सगळं, पण मी बाळाचं झबलं नीट करत बसले.

आज वर्गाला कुलूप आहे. मुलगी घामेजून घरी आली, मी माठातलं पाणी दिलं, तर पेला सरकवून म्हणाली, "मम्मी, गरम दे ना."