शिट्टीसकट

विभावरी खांबेटे या बाईंबद्दल गुरुनाथना खरं म्हणजे फार थोडं माहीत होतं. माहेर कुठलं, शिक्षण किती, नवरा गेल्यावर इतकी वर्षं एकटीनं कशी काढली, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि बाईंनी आपणहून सांगितलं नाही. माहीत होत्या त्या बाईंच्या पोळ्या आणि बाईंची मतं. दोन्ही गरम असत.

ऑकलंडच्या कडेला, अल्बनीत, बाई घरून डबे देत. युनिव्हर्सिटीतली मराठी मुलं, काही एकटे राहणारे नोकरदार, आणि गुरुनाथ. त्यांची लेक नीलांबरी आणि जावई सकाळीच बसने ऑकलंडला ऑफिसात जात, आणि गुरुनाथना चहापलीकडे काही करता येत नसे. म्हणून दुपारी ते चालत बाईंकडे जात, स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसत आणि डबा भरेपर्यंत ऐकत राहत. ओट्यावर पिठाच्या डब्याला टेकवून ठेवलेल्या फोनमधून एखादं पुस्तक बोलत असे. लायब्ररीच्या ॲपवरून बाई ऑडिओबुकं घेत. हात कणकेत, तेव्हा पान उलटायची सोय नाही. कान मात्र मोकळे.

पुस्तकं दोनच प्रकारची, इतिहास आणि विज्ञानकथा. "मधलं सगळं मी स्वतः बघितलंय," असं त्यांचं म्हणणं. पुस्तक कसं आहे ते त्या पोळ्यांवर सांगत. अमुक एक दहा पोळ्यांत बंद केलं, अमुक ऐकताना पीठ संपलं तरी मी लाटणं धरून उभीच.

"या माणसाचा आवाज ऐका," त्या एकदा इतिहासाच्या पुस्तकाबद्दल म्हणाल्या. "राजा बोलला की खर्ज. शेतकरीण बोलली की रडका सूर. रडत रडत कोणी शेती करतं का हो?"

"नसेल करत," गुरुनाथ म्हणाले. त्यांची मतं साधारण एवढीच असत.

"आणि विज्ञानकथेत यानातल्या यंत्राला कायम बाईचा आवाज. हुकूम झेलायला. तीनशे वर्षांनी माणसं दुसऱ्या सूर्यापाशी पोचतात, पण भांडी कोण घासतं ते एकजण सांगत नाही. ते सांगेपर्यंत मी यांच्यावर विश्वास ठेवणार नाही."

"मग ऐकता कशाला?"

पोळी तव्यावर टाकून बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "इतिहासात माझ्यासारखीला कुठे उभं करायचं ते आधीच ठरलेलं असतं. नाहीतर उभंच करत नाहीत. पुढच्या काळात निदान अजून जागा रिकाम्या आहेत."

गुरुनाथ डबा घेऊन घरी गेले आणि जेवताना तेच वाक्य घोळवत राहिले.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने दिवाळीच्या कार्यक्रमासाठी इथल्या जुन्या लोकांच्या आठवणी त्यांच्या आवाजात ऐकवायचं ठरवलं. सगळी जुळवाजुळव क्षितिजकडे होती. हा सॉफ्टवेअरमधला उत्साही मुलगा, चालायचाही पळत. विभावरीताईंची आठवण टिपायचं काम त्याने गुरुनाथांवर सोपवलं, कारण ते रोज तिथे जातात. कार्यक्रमात आवाजाच्या टेबलापाशीही तेच बसत. तिथे बसलं की कोणाशी बोलावं लागत नाही.

"बसून मला बोलता येत नाही," बाई म्हणाल्या. "लाटता लाटता सांगते. ठेवा फोन तिथे."

त्यांनी या देशातला आपला पहिला हिवाळा सांगितला, दक्षिणेकडच्या रिकार्टनमधला. खिडक्यांना आतून पाणी सुटलेलं, कपडे आठवडाभर ओले, हळद कुठे मिळेल ते कोणाला ठाऊक नाही, नवऱ्याची नोकरी लागून सुटलेली. कोपऱ्यावरच्या डेअरीवाल्याच्या, म्हणजे इथल्या किराणा दुकानदाराच्या, काचेवर त्यांनी चिठ्ठी लावली होती, की इथे पोळ्या मिळतील. पहिला आला तो एक भला मोठा माओरी ड्रायव्हर. त्याने दारात 'किया ओरा' म्हटलं, पोळी उलटसुलट करून पाहिली, कोरडीच खाल्ली आणि दुसऱ्या दिवशी भावाला घेऊन आला. "गोठलेल्या ग्रहावर वस्ती करणाऱ्यांच्या गोष्टी येतात ना, ती माणसं पानोपानी रडतात. त्यांच्याकडे निदान परत जायला यान होतं."

हे सांगताना लाटणं पोळपाटावर चालूच होतं. मध्ये कुकरची शिट्टी झाली. बाई थांबल्या, "किती झाल्या हो?" म्हणाल्या, आणि गुरुनाथ गडबडून म्हणाले, "लक्ष नव्हतं."

आठवड्याने क्षितिज लॅपटॉप घेऊन बाईंच्या स्वयंपाकघरात आला. गुरुनाथ स्टुलावर होतेच.

"काकू, आठवण भन्नाट आहे. पण नॉइज फार होता. काढायला गेलो तर शब्दही जात होते. मग मी तुमच्या आवाजाचा नमुना घेऊन कॉम्प्युटरकडून परत बोलून घेतलं. तुमचाच आवाज, तुमचेच शब्द. फक्त क्लीन."

बाईंनी गॅस बंद केला. पुस्तक ऐकताना त्या कधी गॅस बंद करत नसत. लॅपटॉपमधून विभावरी खांबेट्यांच्या आवाजात एक बाई बोलू लागली. न अडखळता, न थांबता, जिथे हसायचं तिथे जरासं हसून. शिट्टी नव्हती. गुरुनाथही नव्हते.

"ही बाई श्वास कधी घेते?" विभावरीताईंनी विचारलं.

"तो ॲड करता येईल."

"हिच्या हाताला कधी पीठ लागलेलं नाही, क्षितिज. रिकार्टनला ही नव्हती. मी होते."

"काकू, हॉलमध्ये पाहुणे असणार. कुकरची शिट्टी वाजली तर लोक हसतील हो."

"हसू देत. मी इतिहास सांगितला, तू त्याची विज्ञानकथा केलीस. यंत्राला बाईचा आवाज दिलास आणि ती बाई मी. मी गेल्यावर काय करायचं ते करा. अजून मी आहे. लावायचं तर शिट्टीसकट लाव, नाहीतर मला गाळ."

"गाळणार कसं? कार्यक्रमपत्रिका छापून झाली. एकदा हॉलमध्ये ऐका, तुम्हालाच आवडेल. खरंच." आणि लॅपटॉप मिटून तो पळाला. जाता जाता गुरुनाथांना म्हणाला, "काका, फाइल तुम्हाला पाठवतो. तीच लावा. स्वीट ॲज, एकदम मस्त."

बाईंनी गॅस पेटवला. मग डब्याचं झाकण लावता लावता म्हणाल्या, "तुमच्या फोनमध्ये आहे ना ते पहिलं?"

"आहे."

"पुसू नका." एवढंच. लावा असं त्या म्हणाल्या नाहीत.

म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुनाथना वाटत राहिलं. सांगितलेलं काम करण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. आता क्षितिजने एक सांगितलं होतं आणि बाईंनी काहीच सांगितलं नव्हतं.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. तिसऱ्या रांगेत कडेला विभावरीताई हाताची घडी घालून बसल्या होत्या. त्या येतील असं गुरुनाथना वाटलं नव्हतं. निवेदिकेने बाईंचं नाव घेतलं. क्षितिजने स्टेजजवळून अंगठा दाखवला. गुरुनाथांनी लॅपटॉपची वायर काढली आणि स्वतःच्या फोनला जोडली. वायर पहिल्या झटक्यात बसली.

हॉलभर पोळपाटावर लाटणं घुमलं. त्यामागून बाईंचा आवाज आला, मध्ये खाकरणारा, चटका बसल्यावर 'स्स' करणारा. लोक पुढे सरकून ऐकू लागले. क्षितिज टेबलाकडे निघाला, पण वाटेत खुर्च्या आणि म्हाताऱ्या मंडळींचे पाय होते. तेवढ्यात शिट्टी झाली.

"किती झाल्या हो?" आवाजातल्या बाईंनी विचारलं.

"लक्ष नव्हतं," गुरुनाथ सगळ्या हॉलला ऐकू गेले. ते टेबलामागे खाली खाली सरकले.

आणि हॉलमधून चार ठिकाणांहून एकदम उत्तर आलं, "एक!" कोणीतरी म्हणालं, "नाही, आधी एक होऊन गेली, दोन." मग हशा उसळला. आयुष्यभर शिट्ट्या मोजलेल्या बाया होत्या त्या. कान आपोआप मोजत होते. हशा ओसरला तशी डेअरीच्या काचेवरची चिठ्ठी आली, कोरडी पोळी खाणारा ड्रायव्हर आला, आणि हॉल शांत झाला तो शेवटपर्यंत.

क्षितिज टेबलापाशी पोचला होता. "काका, फाइल चुकली का?"

"नाही. मी लावली."

"विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

क्षितिजने त्यांच्याकडे पाहिलं, तिसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि मान हलवत खुर्ची ओढून शेजारी बसला. घरी जाताना गाडीत नीलांबरी दोनदा म्हणाली, "बाबा, तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी बाईंनी आभार मानले नाहीत. "ते 'लक्ष नव्हतं' छान म्हणालात," त्या म्हणाल्या. "खरं वाटलं. इतकी पुस्तकं ऐकली, पण असं कोणाला जमत नाही." मग त्यांनी गुरुनाथांच्या फोनवर लायब्ररीचं ॲप घालून दिलं आणि एक विज्ञानकथा उतरवून दिली. "ऐकून मत सांगायचं. 'असेल' चालणार नाही."

तेव्हापासून गुरुनाथ चालताना ऐकू लागले. पुढे पुढे स्टुलावर बसून वादही घालू लागले. एका लढाईच्या पुस्तकावरून तर त्यांचं इतकं बिनसलं की डबा विसरून ते अर्ध्या रस्त्यात पोचले होते.

या मार्चमधल्या एका रविवारी सकाळी विभावरीताई गेल्या. हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. शुक्रवारी नेहमीप्रमाणे डबा देताना त्यांनी विचारलं होतं,

"कुठपर्यंत आलात?"

"यान उतरलंय. अजून दार उघडलेलं नाही."

"मग मी काही बोलत नाही. वेग वाढवून ऐकू नका हं."

"नाही वाढवत."

"झालं की सांगा."

"सांगतो."